तंत्रिका अनुबंधन : उद्दीपन-संक्रमणाच्या संशोधनाचा इतिहास

तंत्रिका अनुबंधन : एका तंत्रिका कोशिकेतील (मज्जापेशीतील) आवेग ज्या संपर्कस्थानातून दुसऱ्या कोशिकेपर्यंत पोहोचतो त्या स्थानाला ‘अनुबंधन’ किंवा ‘सिनॅप्स’ असे म्हणतात. मानवी मेंदूत सु. ८,६०० कोटी तंत्रिका कोशिका असून त्यांपैकी अनेकींवर प्रत्येकी हजारो अनुबंधने असतात. काही अनुबंधनांतून येणारा संदेश कोशिकेचे उद्दीपन करतो, तर काहींतून येणारा संदेश तिचे निरोधन करतो. या दोहोंची बेरीज-वजाबाकी होऊन ती कोशिका स्वतःचा आवेग पुढे पाठविणार की नाही हे ठरते. संवेदना, हालचाल, स्मृती व विचार या सर्वांच्या मुळाशी हीच क्रिया आहे.

एक कोशिका दुसरीला कशी उद्दीपित करते, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास सु. शंभर वर्षे लागली. आवेग विद्युत् रूपाने पलीकडे जातो की एखाद्या रासायनिक द्रव्यामार्फत, हा वादाचा पहिला भाग १९५० नंतर मिटला. ते द्रव्य कोणते, हा दुसरा भाग मेंदूतील उद्दीपनापुरता १९८० च्या सुमारास निकालात निघाला. विशेष म्हणजे हे द्रव्य रसायनशास्त्रज्ञांना १८६६ पासून माहीत होते आणि मेंदूत ते विपुल प्रमाणात आढळते हेही ठाऊक होते. ते अतिपरिचित व सर्वत्र आढळणारे असल्यामुळेच त्याचे खरे कार्य दीर्घकाळ मान्य झाले नाही.

जालिका की स्वतंत्र कोशिका : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कोशिका सिद्धांत इतर ऊतकांच्या (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकासमूहांच्या) बाबतीत मान्य झाला होता, परंतु मेंदूतील तंतूंची गुंतागुंत एवढी होती की, कोणता तंतू कोठे संपतो हे सूक्ष्मदर्शकातून समजत नसे. इटालियन शास्त्रज्ञ कामील्लो गॉल्जी (१८४३–१९२६) यांनी १८७३ मध्ये पोटॅशियम डायक्रोमेट व सिल्व्हर नायट्रेट यांच्या साहाय्याने ऊतक रंगविण्याची पद्धत शोधून काढली. या पद्धतीत असंख्य कोशिकांपैकी थोड्याच रंगतात. मात्र ज्या रंगतात त्या सर्व फाट्यांसह पिवळसर पार्श्वभूमीवर काळ्या उठून दिसतात. गॉल्जी यांच्या मते सर्व कोशिकांचे तंतू एकमेकांत मिसळून एक अखंड जालिका बनलेली होती. तसे असल्यास एका कोशिकेकडून दुसरीकडे आवेग कसा जातो हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

स्पॅनिश शास्त्रज्ञ सांत्यागो रामॉन ई काहाल (१८५२–१९३४) यांनी हीच पद्धत सुधारून वापरली. प्रौढ मेंदूऐवजी भ्रूणांचे व लहान प्राण्यांचे मेंदू तपासल्यास तंतूंची गुंतागुंत कमी असते, हे ध्यानात घेऊन त्यांनी १८८८ मध्ये बार्सेलोना येथे पक्ष्यांच्या निमस्तिष्काचा (लहान मेंदूचा) अभ्यास केला. अक्षतंतूची (आवेग कोशिकेपासून दूर नेणाऱ्या लांब तंतूची) टोके दुसऱ्या कोशिकेला वेढतात, तिच्या अगदी जवळ येतात. परंतु तिच्यात मिसळत नाहीत, असे त्यांना आढळले. १८८९ मध्ये बर्लिन येथील शारीरविज्ञांच्या सभेत त्यांनी आपली निरीक्षणे प्रत्यक्ष दाखविली आणि आल्बर्ट फोन कलिकर यांच्यासारख्या ज्येष्ठ शास्त्रज्ञांचे मत पालटले. १८९१ मध्ये व्हिल्हेल्म व्हाल्डायर यांनी या स्वतंत्र घटकाला ‘न्यूरॉन’ हे नाव दिले. गॉल्जी व काहाल यांना १९०६ चे वैद्यक वा शरीरक्रियाविज्ञान विषयाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. परंतु त्या प्रसंगीच्या आपल्या व्याख्यानातही गॉल्जी यांनी न्यूरॉन सिद्धांतास विरोधच केला. एकाच रंजनपद्धतीने दोघांना परस्परविरुद्ध चित्रे दिसली, कारण तंतूंच्या टोकांमधील अंतर त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाच्या शक्तीपलीकडचे होते.

अनुबंधनाची कल्पना : जे डोळ्यांना दिसत नव्हते त्याचे गुणधर्म इंग्रज शरीरक्रियावैज्ञानिक चार्ल्स स्कॉट शेरिंग्टन (१८५७–१९५२) यांनी प्राण्यांच्या प्रतिक्षेपी क्रियांच्या (इच्छेशिवाय घडणाऱ्या क्रियांच्या) अभ्यासावरून अनुमानाने ठरविले. सलग तंत्रिकेतून आवेग दोन्ही दिशांना जाऊ शकतो. प्रतिक्षेपी क्रियेत मात्र तो एकाच दिशेने जातो. तंतूंच्या लांबीवरून अपेक्षित असलेल्या वेळेपेक्षा प्रतिक्षेपी क्रियेला अधिक वेळ लागतो. एकट्याने निष्फळ ठरणारे दोन क्षीण उद्दीपक लागोपाठ दिल्यास प्रतिसाद मिळतो. तसेच एक स्नायू आकुंचन पावत असता त्याच्या विरोधी स्नायूच्या कोशिकांचे निरोधन होते. या सर्वांचे स्पष्टीकरण कोशिकांच्या संधिस्थानी शोधावे लागते, असे त्यांनी दाखवून दिले. १८९७ मध्ये मायकेल फॉस्टर यांच्या पाठ्यपुस्तकासाठी लिहिताना शेरिंग्टन यांनी या स्थानाला ग्रीक भाषेवरून नाव दिले. त्याचा मूळ अर्थ ‘घट्ट धरणे’ असा आहे. ग्रीक भाषेचे पंडित ए. डब्ल्यू. व्हेरॉल यांनी तो शब्द सुचविला होता. अशा रीतीने अनुबंधन दिसण्यापूर्वी सु. साठ वर्षे त्याचे नाव व गुणधर्म निश्चित झाले.

रासायनिक संक्रमणाचा पुरावा : जर्मन शास्त्रज्ञ एमील द्यू ब्वा-रेमाँ यांनी १८७७ मध्येच तंत्रिकेकडून स्नायूकडे होणारे संक्रमण विद्युत् असेल किंवा रासायनिक असेल, असे दोन पर्याय मांडले होते. १९०४ मध्ये केंब्रिज येथील टी. आर. एलियट यांनी अनुकंपी तंत्रिकांच्या टोकांशी ॲड्रेनॅलीन मुक्त होत असावे, असे सुचविले. जे. एन. लँग्ली यांनी १९०५ मध्ये कोशिकेत ‘ग्राही द्रव्य’ असावे, अशी कल्पना मांडली. हेन्री हॅलेट डेल (१८७५–१९६८) यांनी १९१४ मध्ये ॲसिटिलकोलीन या द्रव्याची क्रिया परानुकंपी तंत्रिकांच्या उद्दीपनाशी जुळते असे दाखविले. परंतु हे द्रव्य प्राण्यांच्या शरीरात नैसर्गिक रीत्या असते याचा पुरावा तेव्हा नव्हता.

निर्णायक प्रयोग ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ओटो लव्ही (१८७३–१९६१) यांनी केला व १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची कल्पना आपणास रात्री स्वप्नात सुचली, असे त्यांनी पुढे सांगितले. बेडकाचे धडधडणारे हृदय प्राणेशा तंत्रिकेसह काढून त्यांनी लवण विद्रावात ठेवले. तंत्रिकेचे उद्दीपन करताच हृदयाचे ठोके मंदावले. नंतर तो विद्राव दुसऱ्या, तंत्रिकेशी संबंध नसलेल्या हृदयाला दिला असता त्याचेही ठोके मंदावले. दोन हृदयांमध्ये कोणताही तंतू नव्हता. विद्रावाखेरीज काहीच पलीकडे गेले नव्हते. हे द्रव्य म्हणजे ॲसिटिलकोलीन होय असे पुढील संशोधनावरून ठरले. डेल व लव्ही यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या संशोधनावर तत्कालीन यूरोपीय राजकारणाची दाट छाया पडली होती. ज्यू असल्यामुळे व्हिल्हेल्म फेल्डबर्ग यांना १९३३ मध्ये बर्लिन येथील पदावरून काढून टाकण्यात आले. त्यांनी सोबत आणलेले, जळवेच्या स्नायूवरून अत्यल्प ॲसिटिलकोलीन ओळखण्याचे तंत्र लंडन येथे डेल यांच्या प्रयोगशाळेला उपयोगी पडले. या तंत्राच्या आधारे डेल, फेल्डबर्ग व मार्था फोख्ट यांनी १९३६ मध्ये ऐच्छिक स्नायूंकडे जाणाऱ्या तंत्रिकांच्या टोकांशीही ॲसिटिलकोलीन मुक्त होते, असे सिद्ध केले. १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया ताब्यात घेतल्यावर लव्ही यांना अटक झाली आणि नोबेल पारितोषिकाची रक्कम नाझी शासनाच्या स्वाधीन केल्यावरच त्यांना देश सोडता आला. तंत्रिका व स्नायू यांच्यामधील संक्रमणाचा पुढे मूलभूत अभ्यास करणारे बर्नार्ड कॅट्झ यांनीही १९३५ मध्ये लाइपसिक सोडून लंडन गाठले होते.

विद्युत् की रसायन : हृदय व स्नायू यांविषयीचा पुरावा मेंदूला व मेरुरज्जूला लागू पडतो, हे अनेक शरीरक्रियावैज्ञानिकांना मान्य नव्हते. त्यांपैकी प्रमुख म्हणजे शेरिंग्टन यांचे शिष्य, ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ जॉन कॅर्यू एक्लस (१९०३–९७) हे होत. त्यांचा आक्षेप सबळ होता. लव्ही यांच्या प्रयोगातील परिणाम दिसून येण्यास सेकंद लागत; उलट मेरुरज्जूतील अनुबंधन ओलांडण्यास सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ पुरतो. द्रव्य मुक्त होणे, ते पसरणे, त्याची क्रिया घडणे व ते नष्ट होणे या सर्व गोष्टी एवढ्या अल्पावधीत कशा घडतील, असा त्यांचा सवाल होता. डेल व एक्लस यांच्यात सभांमधून तीव्र वाद झाले; तथापि त्यांचे वैयक्तिक संबंध स्नेहाचेच राहिले.

एक्लस न्यूझीलंडमधील डनीडन येथे असताना तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्याशी त्यांची गाठ पडली. एखादी उपपत्ती खोटी ठरविता येईल इतक्या नेमक्या शब्दांत मांडावी आणि तिची कठोर परीक्षा घ्यावी, या पॉपर यांच्या आग्रहामुळे एक्लस यांनी विद्युत् निरोधनाची उपपत्ती स्पष्ट स्वरूपात मांडली. १९५१ मध्ये त्यांनी एल. जी. ब्रॉक व जे. एस. कूम्ब्ज यांच्यासह अतिसूक्ष्म काचनलिकेचे विद्युत् अग्र मांजराच्या मेरुरज्जूतील प्रेरक कोशिकेत घातले. विश्रांत अवस्थेत अशा कोशिकेचा अंतर्भाग बाहेरच्या मानाने सु. ७० मिलिव्होल्ट ऋण असतो. निरोधक तंत्रिकेचे उद्दीपन केले असता तो अधिकच ऋण झाला. विद्युत् उपपत्तीप्रमाणे बदल याच्या नेमका उलट दिशेने व्हावयास हवा होता. स्वतःच्याच प्रयोगाने स्वतःचे मत खोटे ठरल्याचे एक्लस यांनी विनाविलंब मान्य केले आणि निरोधन रासायनिक असेल, तर उद्दीपनही रासायनिकच असले पाहिजे, असा निष्कर्ष काढला. त्यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक ॲलन हॉजकिन व अँड्रू हक्सली यांच्यासमवेत मिळाले.

विद्युत् पक्ष सर्वस्वी चुकीचा मात्र नव्हता. एड्विन फर्श्पान व डेव्हिड पॉटर यांनी १९५९ मध्ये क्रेफिश या कवचधारी प्राण्यात विद्युत् प्रवाह थेट पलीकडे नेणाऱ्या अनुबंधनाचे सविस्तर वर्णन केले. अशी अनुबंधने सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही आहेत. परंतु त्यांची संख्या रासायनिक अनुबंधनांपेक्षा बरीच कमी आहे.

संक्रमणाची यंत्रणा : १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काहाल यांच्या मताची प्रत्यक्ष खात्री पटविली. दोन कोशिकांच्या पटलांमध्ये सु. २० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा शंभर कोटींवा भाग) रुंदीची फट असते आणि अक्षतंतूच्या फुगीर टोकात सु. ४० ते ५० नॅनोमीटर व्यासाच्या असंख्य पुटिका (सूक्ष्म पिशव्या) असतात, असे दिसून आले. याच सुमारास पॉल फॅट, होसे देल कास्तीयो व कॅट्झ यांना लंडन येथे बेडकाच्या स्नायूवर काम करताना असे आढळले की, प्रेषक द्रव्य सलग धारेने न येता ठराविक मापाच्या पुंजांनी मुक्त होते. एक पुंज म्हणजे एका पुटिकेतील द्रव्य, असे मानल्यावर दोन्ही शोध परस्परांना पूरक ठरले. कॅट्झ यांना १९७० च्या नोबेल पारितोषिकाचा अंश मिळाला.

या क्रियेचा क्रम पुढीलप्रमाणे असतो. आवेग अक्षतंतूच्या टोकाशी पोहोचला की, तेथील पटलातील मार्ग उघडून कॅल्शियम आयन (विद्युत् भारित अणू) आत शिरतात. त्यामुळे पुटिका पटलाशी एकजीव होऊन त्यांतील द्रव्य फटीत सांडते. ते पलीकडील ग्राहींना चिकटते व ग्राहींमधील मार्ग उघडतात. धन भार असलेले सोडियम आयन आत शिरल्यास कोशिकेची ऋणता घटते, म्हणजे तिचे उद्दीपन होते. क्लोराइड आयन शिरल्यास बहुधा निरोधन होते. मेंदूतील एका अनुबंधनाने घडणारा बदल सामान्यतः एक मिलिव्होल्टपेक्षाही कमी असतो. आवेग निर्माण होण्यास मात्र सु. १० ते १५ मिलिव्होल्ट बदल लागतो. त्यामुळे अनेक अनुबंधनांचे उद्दीपन थोड्या अवधीत एकवटावे लागते. शेरिंग्टन यांनी अनुमानिलेल्या समाकलनाचा हा भौतिक आधार होय. ही सारी क्रिया मिलिसेकंदाच्या आसपास उरकते आणि एक्लस यांच्या मूळ आक्षेपाचे निरसन यातच आहे : रुंदी एवढी अल्प असल्यास द्रव्याला ती ओलांडण्यास वेळ लागतच नाही.

उद्दीपक द्रव्याचा शोध : मेंदूतील बहुसंख्य उद्दीपक अनुबंधनांचे द्रव्य ॲसिटिलकोलीन नाही, हे लवकरच स्पष्ट झाले. १८६६ मध्ये कार्ल हाइन्रिख रिटहाउझेन यांनी गव्हातील प्रथिनापासून ग्लुटामिक अम्ल वेगळे केले होते. १९०८ मध्ये जपानमधील किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्रशैवालाच्या रश्शाची चव याच ॲमिनो अम्लामुळे येते असे दाखविले आणि त्याचे लवण पुढे स्वयंपाकघरात पोहोचले. टोकिओ येथील ताकाशी हायाशी यांना १९५० नंतरच्या दशकात असे आढळले की, हे द्रव्य कुत्र्याच्या मेंदूच्या प्रेरक क्षेत्रात टोचल्यास आचके येतात. १९५९ मध्ये कॅनबरा येथे, एक्लस यांच्याच विभागात, डेव्हिड कर्टिस, जॉन फिलिस व जेफ्री वॉटकिन्स यांनी मेरुरज्जूतील कोशिकांवर या द्रव्याचे अत्यल्प अंश सोडले. तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक कोशिकेचे उद्दीपन झाले.

तरीही ग्लुटामिक अम्ल हे प्रेषक द्रव्य नसावे, असाच निष्कर्ष त्यांनी काढला. त्याची कारणे त्या काळच्या ज्ञानाला धरूनच होती. हे द्रव्य प्रथिनांचा घटक असून सर्वच कोशिकांच्या चयापचयात (शरीरातील रासायनिक घडामोडींत) भाग घेते. मेंदूतील मुक्त ॲमिनो अम्लांत तेच सर्वांत विपुल आहे. ज्याचा परिणाम सर्वांवर होतो ते विशिष्ट संदेश कसा देणार, अशी शंका होती. त्याच्या आरशातील प्रतिमेसारखी रचना असलेले, शरीरात सहसा न आढळणारे रूपही क्रियाशील ठरले. शिवाय ॲसिटिलकोलिनाचे विघटन करणारे एंझाइम अनुबंधनात असते, तसे ग्लुटामिक अम्लाचे त्वरित विघटन करणारे एंझाइम तेथे सापडले नाही. स्नायूवरील अनुबंधन हा नमुना मानल्यामुळे ही उणीव मोठी वाटली.

पुढील वीस वर्षांत यांतील एकेका आक्षेपाचे उत्तर मिळाले. फटीतील द्रव्य नष्ट केले जात नाही, तर विशिष्ट वाहक प्रथिने ते उचलून शेजारच्या, विशेषतः तंत्रिका कोशिकांना आधार देणाऱ्या, कोशिकांत परत नेतात. जवळजवळ सर्व कोशिका त्याला प्रतिसाद देतात, कारण त्या सर्वांवर खरोखरच त्याचे ग्राही असतात. वॉटकिन्स यांनी इंग्लंडला परतल्यावर या ग्राहींना अडविणारी संयुगे सहकाऱ्यांसह तयार केली. ती वापरताच मेंदूतील नैसर्गिक उद्दीपनही घटले. ज्याला त्यांनी पूर्वी प्रेषक मानण्यास नकार दिला होता त्याचे स्थान त्यांच्याच पुढील कार्याने पक्के झाले. निरोधनाच्या बाजूला गॅमा-ॲमिनोब्युटिरिक अम्ल हे मेंदूतील प्रमुख द्रव्य ठरले आणि ते ग्लुटामिक अम्लापासूनच तयार होते. मेंदूतील उद्दीपन व निरोधन यांची प्रमुख द्रव्ये अशा प्रकारे एका रासायनिक पायरीच्या अंतरावर आहेत.

उद्दीपन व स्मृती : वारंवार एकत्र उद्दीपित होणाऱ्या कोशिकांमधील संबंध दृढ होतात, अशी कल्पना कॅनडातील डॉनल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडली होती. टिमोथी ब्लिस व तेर्ये लोमो यांनी नॉर्वेतील ऑस्लो येथे सशाच्या मेंदूच्या हिप्पोकँपस या भागावर प्रयोग केले. तेथील तंतूंना काही सेकंद जलद उद्दीपन दिले, तर त्यांच्या अनुबंधनांचा प्रतिसाद पुढे अनेक तास वाढलेला राहतो, असे त्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. याची यंत्रणा पुढील दशकात उलगडली. ग्लुटामिक अम्लाच्या एका प्रकारच्या ग्राहीचा मार्ग विश्रांत अवस्थेत मॅग्नेशियम आयनाने बुजलेला असतो, असे १९८४ मध्ये दिसून आले. अलीकडील कोशिकेने द्रव्य सोडले आणि त्याच वेळी पलीकडील कोशिका आधीच पुरेशी उद्दीपित असली, तरच हे बूच निघते व कॅल्शियम आत शिरून अनुबंधन बळकट करते. दोन घटना एकाच वेळी घडल्याची नोंद घेणारी ही रेणवीय योजना हेब यांच्या कल्पनेशी जुळते.

उद्दीपनाचा अतिरेक : जे द्रव्य कोशिकेला जागे करते तेच अधिक काळ राहिल्यास तिचा नाश करते. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन ओल्नी यांना १९६९ मध्ये नवजात उंदरांना ग्लुटामिक अम्लाचे सोडियम लवण मोठ्या मात्रेत टोचले असता मेंदूच्या काही भागांतील कोशिका मेलेल्या आढळल्या. १९८७ मध्ये कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावरील शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले. काही दगावले व वाचलेल्यांपैकी काहींची नवी स्मृती साठविण्याची शक्ती कायमची गेली. शैवालापासून शिंपल्यांत आलेले डोमोइक अम्ल ग्लुटामिक अम्लाच्या ग्राहींवर क्रिया करते, असे दिसून आले. पक्षाघातात रक्तपुरवठा बंद पडलेल्या भागात वाहक प्रथिनांचे कार्य थांबून हे द्रव्य साचते आणि हानी वाढते.

भारतात या विषयाचा संबंध लाखेच्या डाळीशी येतो. हे कडधान्य अवर्षणातही तग धरते. मध्य भारतात व विदर्भाच्या पूर्व भागात ते ‘लाख’ किंवा ‘लाखोळी’ या नावाने परिचित आहे. दुष्काळात इतर अन्नाच्या अभावी कित्येक महिने मुख्यतः याच धान्यावर राहणाऱ्या गरिबांच्या पायांना ताठरपणा व पांगळेपणा येतो. या विकाराला कलायखंज म्हणतात. बंगलोर (आता बंगळूरू) येथील भारतीय विज्ञान संस्थेतील एस. एल. एन. राव, पी. आर. आदिगा व पी. एस. सर्मा यांनी १९६४ मध्ये या बियांतील विषारी ॲमिनो अम्ल वेगळे काढले. त्याची रचना ग्लुटामिक अम्लाशी मिळतीजुळती असून ते त्याच्याच ग्राहींना उद्दीपित करते. ज्या काळात ग्लुटामिक अम्लाचे प्रेषक म्हणून स्थान नाकारले जात होते, त्याच काळात त्याची नक्कल करणारे विष अशा रीतीने शुद्ध स्वरूपात हाती आले होते. त्याचा पूर्ण अर्थ मात्र नंतर उलगडला.

उपयोजन : अपस्मारात (फेफऱ्यात) उद्दीपन व निरोधन यांचा तोल ढळतो. निरोधन वाढविणारी औषधे या विकारावर पूर्वीपासून वापरात होती. २०१२ मध्ये ग्लुटामिक अम्लाच्या ग्राहींना अडविणारे पेरँपॅनेल हे औषधही मान्य झाले. शुद्धिहारक म्हणून वापरले जाणारे केटामीन व स्मृतिभ्रंशावर दिले जाणारे मेमँटीन ही याच द्रव्याच्या मॅग्नेशियमने बुजणाऱ्या ग्राहींना अडवितात. अशा औषधांची मात्रा ठरविणे नाजूक असते, कारण ज्या उद्दीपनाचा अतिरेक रोखावयाचा त्याच्याशिवाय मेंदूचे कोणतेच कार्य चालू शकत नाही.